चाकोरी जुळली पाहिजे: गाडीमागच्या कॅम्पर ट्रेलरची चाकं आणि ॲक्सल कसे ठरवायचे

पोळ्यानंतरच्या आठवड्यात नागपूरहून काटोलकडे मामेभावाच्या संत्रीच्या बागेत मुक्कामाला निघालो होतो. डांबरी सुटली, पांदण लागली आणि अर्ध्या किलोमीटरमध्येच माझी मारुती जिम्नी ओढ खाऊ लागली. आरशात पाहिलं तर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालत होता. गाडीच्या चाकांनी काळा चिखल दाबून आपली वाट केली होती, पण ट्रेलरची चाकं दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच बाहेर होती. म्हणजे प्रत्येक चाक अर्धं चाकोरीत आणि अर्धं काठावर. कधी डावं घसरे, कधी उजवं. शेवटी एका बांधापाशी सगळंच थांबलं.

धुऱ्यावरून एक काकाजी पाहत होते. त्यांनी ट्रेलरला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बंडी असो का मोटार, मागचं चाक चाकोरीत चाललं पाहिजे ना भाऊ. तुमचं हे मागचं धूड आपलीच नवी चाकोरी पाडून राहिलं."

एवढ्यावर भागलं नाही. त्याच दिवशी ट्रेलरच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्रेलरची १३ इंची स्टेपनी घरी, आणि जिम्नीच्या मागच्या दारावरची १५ इंची स्टेपनी समोर दिसत असून निरुपयोगी, कारण भोकंच वेगळी. ट्रॅक्टर येईपर्यंत मी एकच विचार करत बसलो की हे सगळं ट्रेलर बांधायच्या आधी एका टेपने मोजता आलं असतं.

मी काय चुकलो आणि दुसऱ्यांदा काय केलं ते खाली क्रमाने लिहितोय. उदाहरण जिम्नीचं आहे, मध्ये फॉर्च्युनरचेही आकडे येतील. तुमची गाडी दुसरी असेल तर पद्धत तीच, आकडे फक्त तुमचे घ्या.

आधी ठरवा, किती जुळवायचं आहे

जुळवणीचे तीन भाग आहेत आणि तिन्ही सारखे महत्त्वाचे नाहीत. पहिला, चाकाची भोकं आणि बसणी गाडीसारखीच, म्हणजे एक स्टेपनी दोन्हीकडे चालेल. दुसरा, टायरचा बाहेरचा व्यास सारखा. तिसरा, ट्रॅक, म्हणजे डाव्या आणि उजव्या टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर सारखं.

तुमचा मुक्काम पेंचच्या वाटेवरच्या रिसॉर्टच्या आवारात किंवा समृद्धी महामार्गाने पुढे कुठे डांबरी सोडायची नाही असा असेल, तर तिसऱ्या भागासाठी जीव काढू नका. डांबरावर ट्रॅकमध्ये दहा सेंटिमीटरचा फरक असला तरी काही बिघडत नाही. पण पहिला भाग मात्र मी कुणालाच सोडू देणार नाही. रात्री आठ वाजता उमरेड रोडवर पंक्चर झालं की त्याची किंमत कळते. आणि आपल्या भागातली काळी माती, पावसाळ्यातली पांदण, नदीची रेती असल्या ठिकाणी जायचं असेल तर तिन्ही भाग हवेत. जमीन एकदा चाकाखाली दाबली गेली की त्याच जागी मागचं चाक कमी जोर लावून जातं. नव्या चिखलात दोन जास्तीची चाकं ढकलायची म्हणजे इंजिनावर फुकटचा भार.

गाडीचं टायर आधी पक्कं करा

ही पायरी लोक विसरतात. ट्रेलर गाडीशी जुळवून झाला आणि सहा महिन्यांनी गाडीलाच मोठे टायर बसवले, की सगळी मेहनत पाण्यात. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर१५ टायर येतात. बरेच जण २१५/७५ आर१५ टाकतात. तुम्हाला टाकायचे असतील तर आधी टाका, मग ट्रेलरच्या कामाला हात घाला.

व्यास काढायचं गणित सोपं आहे. रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवा. १९५ चे ८० टक्के म्हणजे १५६, दुप्पट ३१२, अधिक ३८१, एकूण ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ चा येतो साधारण ७०३. म्हणजे फरक जेमतेम एक सेंटिमीटर. फॉर्च्युनरचे १७ आणि १८ इंची टायर दिसायला वेगळे, पण २६५/६५ आर१७ चा व्यास ७७६ आणि २६५/६० आर१८ चा ७७५. म्हणून फॉर्च्युनरवाल्याला जुनी १७ इंची चाकं स्वस्तात मिळाली तर ट्रेलरला बिनधास्त घ्यावीत. थारच्या दोन टायरांमध्ये मात्र फरक पडतो. २४५/७५ आर१६ चा व्यास ७७४ आणि २५५/६५ आर१८ चा ७८९ च्या आसपास.

व्यासाचा आग्रह कशासाठी? ट्रेलरला डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) नसतं, त्याची चाकं आपापली मोकळी फिरतात, त्यामुळे त्याच्या दोन चाकांत थोडा फरक चालून जातो. पण ट्रेलरचं चाक गाडीला लावायची वेळ आली आणि गाडी चारही चाकांच्या ड्राइव्हमध्ये असली, तर वेगळ्या व्यासाचं एक चाक सगळ्या ट्रान्समिशनला पीळ देतं. म्हणून नियम साधा ठेवा. चांगलं टायर नेहमी गाडीला, बेजोड किंवा पॅच मारलेलं ट्रेलरला.

चाकाची बसणी: पाच गोष्टी मोजायच्या

पीसीडी म्हणजे स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या बोल्टच्या, मध्यबिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. जिम्नीचा आणि जुन्या जिप्सीचा ५×१३९.७. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो साडेपाच इंच आहे, विलीज जीपच्या काळापासून चालत आलेला. फॉर्च्युनर आणि हायलक्सचा ६×१३९.७. इथेच लोक फसतात. दुकानदार म्हणतो "१३९ आहे ना, बसेल", आणि वर्तुळ तेच असलं तरी पाच स्टडच्या हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) सहा भोकांचं चाक चढत नाही.

सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत थेट मोजा. पाच भोकांना समोरासमोर काही नसतं, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. ८२ मिमीच्या थोडंसं वर आलं तर तो १३९.७. साधारण ६७ आलं तर ११४.३, जो इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांना असतो. टेपने हे काम करू नका, व्हर्निअर घ्या. दोन मिलिमीटरची चूक इथे महागात पडते.

दुसरी गोष्ट, स्टडचे आटे. सुझुकीच्या या गाड्यांचे एम१२×१.२५, टोयोटाच्या फॉर्च्युनरचे एम१२×१.५. ट्रेलरच्या हबमध्ये गाडीच्याच आट्यांचे स्टड बसवून घ्या, म्हणजे नटही एकच आणि पानाही एकच. चुकीच्या आट्यांचा नट दोन फेरे हाताने चढतो, मग पान्याने जोर दिला की स्टडचे आटे सोलून निघतात.

तिसरी, नटची बसणी. स्टीलच्या चाकाला शंकूसारखा नट लागतो. टोयोटाच्या काही अलॉय चाकांना सपाट वॉशरचा नट असतो. गाडीला अलॉय आणि ट्रेलरला स्टील रिम असेल तर दोन्ही प्रकारचे नट डब्यात हवेत. सपाट नटने शंकूचं भोक आवळलं तर चाक आवळल्यासारखं वाटतं आणि पन्नास किलोमीटरमध्ये ढिलं होतं.

चौथी, मधलं भोक. जिम्नीच्या रिमचं मधलं भोक १०८ मिमीच्या आसपास, फॉर्च्युनरचं १०६. ट्रेलरच्या हबचा मधला उंच भाग आणि ग्रीसची टोपी याहून लहान हवी, नाहीतर चाक हबला टेकतच नाही. माझ्या बाबतीत टोपी आत गेली, पण रिमवरचं प्लास्टिकचं झाकण तिच्यावर आपटत होतं. झाकण काढून टाकलं. तुम्हाला शोभा प्रिय असेल तर आधी मोजा.

पाचवी, ऑफसेट. चाक हबला जिथे टेकतं ती पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे, तो आकडा. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी' लिहून कोरलेला असतो. जिम्नीच्या मूळ रिमचा +५, फॉर्च्युनरच्या १७ इंची अलॉयचा +३०. ट्रॅकचं सगळं गणित याच आकड्यावर उभं आहे.

ॲडॉप्टर आणि स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसवायच्या चकत्या, लावून काम भागवू का, असा प्रश्न हमखास येतो. ट्रेलरला लावू नका. तो मागे असतो, ढिला झाला तर आवाज ऐकू येत नाही. हबलाच योग्य भोकं पाडून घेणं स्वस्त आणि पक्कं.

ट्रॅक मोजणं आणि ॲक्सलची लांबी काढणं

ट्रॅक मागच्या चाकांचा घ्यायचा, पुढच्या नव्हे. ट्रेलर मागच्यांच्या मागे येतो. जिम्नीचा पुढचा ट्रॅक १३९५ आणि मागचा १४०५ मिमी आहे.

कागदावरचा आकडा मिळाला तरी स्वतः मोजा, विशेषतः रिम बदलले असतील तर. सपाट फरशीवर गाडी सरळ पाच-सात फूट पुढे आणून थांबवा, म्हणजे चाकं नैसर्गिक बसतील. मग डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही टायर सारखे असले की हे अंतर म्हणजेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, मध्य शोधत बसावं लागत नाही. टेप जमिनीलगत लावा, पण टायर खाली फुगलेला असतो तो भाग टाळा.

आता ॲक्सलवाल्याला ट्रॅक सांगून उपयोग नसतो, त्याला हबच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची लांबी लागते. ऑफसेट धन असेल तर चाक आत सरकतं, म्हणून:

हब तोंड ते हब तोंड = ट्रॅक + २ × ऑफसेट

जिम्नीसाठी १४०५ + १० = १४१५ मिमी. समजा एखाद्या गाडीचा ट्रॅक १५५० आणि ऑफसेट +३० आहे, तर १६१०. ऑफसेट ऋण असेल, म्हणजे बाहेर आलेले रिम असतील, तर वजा करा.

ब्रेक ड्रम हबच्या बाहेरून चढणारा असेल तर 'तोंड' म्हणजे ड्रमची बाहेरची पाठ, जिथे चाक खरोखर टेकतं. ही गोष्ट कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

किती फरक चालतो? एकूण पन्नास मिमीपर्यंत मी दुर्लक्ष करतो. म्हणजे एका बाजूला २५. एवढ्यात टायर चाकोरीच्या आतच राहतो. माझा पहिला ट्रेलर १५८० चा होता, म्हणजे १७५ मिमीचा फरक, त्याची कथा वर आलीच आहे. वळणावर ट्रेलर थोडा आत कापणार, ते कुठल्याही जुळवणीने जात नाही.

आता शरीराची रुंदी

ट्रॅक ठरला की चॅसिसची रुंदी आपोआप ठरते, आणि इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. जिम्नीसाठी दोन टायरच्या आतल्या कडांमधली जागा १४०५ वजा १९५, म्हणजे १२१० मिमी. दोन्ही बाजूंना टायर आणि चॅसिसमध्ये किमान चाळीस मिमी मोकळी सोडा. उरले ११३०. चिखल अडकतो, खडा अडकतो, पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) दबताना चाक किंचित हलतं, म्हणून चाळीसच्या खाली जाऊ नका.

चाकांच्या मधल्या पेटीत डबल बेड मावत नाही. मग दोन मार्ग. एक, पेटी अरुंद ठेवा आणि झोपायची सोय वर तंबूत करा. दुसरा, शरीर चाकांच्या वरून बाहेर काढा आणि चाकांना आत कमानी द्या. मी पहिला निवडला, कारण वजन खाली राहतं. माझ्या पहिल्या फॅब्रिकेटरने तिसरा मार्ग काढला होता. आधी सोयीची रुंद पेटी बांधली आणि चाकं तिच्या बाहेर नेऊन लावली. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मी १०५० ठेवलं. त्यामुळे ४५ मिमी रुंदीचा पाटा आणि त्याला ॲक्सलशी आवळणारे यू बोल्ट धरूनही टायरपासून पुरेशी जागा राहिली.

वजन, आणि मगच ॲक्सलची ताकद

ॲक्सल विकत घेताना लोक "मजबूत द्या" म्हणतात. मजबूत म्हणजे किती हे आकड्यात हवं. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा असेल तर तोच शेवटचा शब्द. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत तो नसतो, तेव्हा हात आखडता ठेवा. जिम्नी स्वतः साधारण १२०० किलोची. मी भरलेला ट्रेलर ६०० किलोच्या वर जाऊ देत नाही, आणि त्यातही ब्रेक लावून घेतले. चिखलदऱ्याचा घाट उतरताना मागून सहाशे किलो ढकलत असले की ब्रेकचा खर्च जास्त वाटत नाही.

सहाशे किलोपैकी साधारण दहा टक्के, म्हणजे साठ किलो, गाडीच्या हुकवर यायला हवेत. बाकी ५४० ॲक्सलवर. खड्ड्यात आदळताना क्षणभर भार दुपटीने वाढतो, म्हणून ॲक्सल मी १००० किलोचा मागितला. टायरची चिंता या वजनाला करायचं कारणच नाही. जिम्नीच्या टायरचा लोड इंडेक्स ९६, म्हणजे एकेक टायर ७१० किलो पेलतो. फॉर्च्युनरच्या १७ इंचीचा ११२ असेल तर ११२० किलो.

उलट अडचण अशी की ताकद जास्त झाली तर ट्रेलर उडतो. छोट्या मालवाहू गाडीचे जाड पाटे बसवून द्यायची आपल्याकडे सवय आहे. सहाशे किलोला ते दबतच नाहीत, आणि आतला डाळीचा डबा, स्टोव्ह, अंडी, सगळ्याचे पोहे होतात. पाट्यातल्या एक-दोन पट्ट्या काढून टाका आणि भरलेल्या ट्रेलरवर उभं राहून पाहा. तुमच्या वजनाने ट्रेलर थोडा तरी खाली बसला पाहिजे.

हुकवरच्या वजनाचं महत्त्व बंडी हाकणाऱ्याला सांगावं लागत नाही. मागे जास्त माल भरला की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलर उलाळ झाला तर साठ-सत्तरच्या वेगाला शेपटी हलवू लागतो, आणि ती लाट एकदा सुरू झाली की ब्रेक मारून थांबत नाही. ॲक्सलची जागा अशी ठेवा की पेटीची साधारण साठ टक्के लांबी ॲक्सलच्या पुढे येईल. पाण्याची टाकी ॲक्सलच्या बरोबर वर. भरली काय, रिकामी झाली काय, तोल बदलत नाही.

एकूण वजन बघायला धरमकाट्यावर जा, वाडी किंवा कळमन्याकडे भरपूर आहेत. ट्रेलर गाडीपासून सोडून फक्त तोच उभा करा. हुकवरचं वजन मात्र घरच्या माणसं तोलायच्या काट्यावर. विटांवर काटा ठेवून हुक ज्या उंचीला असतो त्याच उंचीला ट्रेलरचं तोंड टेकवा. साठ किलोसाठी तो काटा पुरतो.

हब आणि बेअरिंग: मिळेल तेच घ्या

परदेशातले तयार ट्रेलर हब मागवता येतात. त्यात एलएम६७०४८ आणि एलएम११९४९ असले इंची मापाचे बेअरिंग असतात. चांगले असतात, पण चंद्रपूरच्या पुढे एखाद्या गावात रविवारी संध्याकाळी ते मागून पाहा. माझ्या हबात आतल्या बाजूला ३०२०६ आणि बाहेर ३०२०५ आहेत. ही मेट्रिक मापं कुठल्याही तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात, कारण शेतीच्या अवजारांनाही तीच लागतात. हब बनवणाऱ्याने दुसरंच काही सुचवलं तर एकच प्रश्न विचारा की हे काटोलला मिळेल का.

जिम्नीवाल्यांना जिप्सीचे जुने हब वापरायचा मोह होतो. पीसीडी तोच, स्टड तेच, भंगारात मिळतात. कल्पना वाईट नाही. पण स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) ॲक्सलच्या चौकोनी बारला वेल्ड करायचं काम रस्त्यावरच्या वेल्डरला देऊ नका. मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर नवे स्टब, म्हणजे स्पिंडलचे तुकडे, करून घेतले. तिथल्या मिस्त्रींनी माझं चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "भाऊ, चाक सोबत आणलं का? चाक नाही तं हब कायले करून राहिले?" त्यांनी दोन्ही हब करून झाल्यावर प्रत्यक्ष चाक चढवून, पाचही नट हाताने बसवून पाहिले. तुम्हीही चाक घेऊनच जा.

बेअरिंग बसवताना नट हलका आवळत चाक फिरवत राहा, जड व्हायला लागलं की थोडा मागे घ्या. चाक वर-खाली धरून हलवलं तर अगदी सूक्ष्म ढिलाई जाणवावी, खडखडाट नाही. मग नवी कॉटर पिन. लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस बेअरिंगच्या रोलरमध्ये दाबून भरा. हबची पोकळी ठासून भरू नका, ग्रीस तापून सीलमधून बाहेर येतं आणि ब्रेकवर पडतं.

उंची आणि सरळपणा

चाक मोठं झालं की ॲक्सल वर येतो, हे माझ्या लक्षात दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी आलं. १५५/८० आर१३ चा व्यास ५७८, जिम्नीचा ६९३. फरकाच्या अर्धे म्हणजे साधारण ५७ मिमीने ट्रेलर उचलला गेला. फॉर्च्युनरची चाकं लावली असती तर तोच आकडा जवळजवळ दहा सेंटिमीटर झाला असता. तेव्हा ट्रेलरचं तोंड खाली आणि शेपूट वर राहतं. ॲक्सल पाट्यांच्या खाली आहे की वर, यावरून उंची बदलता येते, आणि उरलेला फरक हुक वर-खाली करून मिटवा. लेव्हल बॉटल चॅसिसवर ठेवून, माल भरलेल्या अवस्थेत तपासा. रिकाम्या ट्रेलरची लेव्हल फसवी असते.

मडगार्ड आणि टायरमध्ये चांगला हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा हवी. पाटा पूर्ण दबला तरी टायर घासू नये.

ॲक्सल सरळ बसलाय का, याची परीक्षा एकच. हुकच्या मध्यापासून डाव्या हबच्या टोकापर्यंत दोरी ताणा, मग तीच दोरी उजव्या टोकापर्यंत. तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर यू बोल्ट ढिले करून सरकवा. हे आवळायच्या आधी केलं नाही तर टायर एका कडेने खात जातो आणि मग दोष टायरच्या कंपनीला दिला जातो. चौकोनी बारच्या मधोमध ब्रॅकेट, पाइप, काहीही वेल्ड करू देऊ नका. वेल्डच्या कडेलाच तडा जातो.

जिम्नीवाल्यांसाठी एक आडवी सूचना. मागचं दार बाजूला उघडतं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर गॅसची पेटी ठेवली तर दार अर्धवटच उघडतं. दांडा थोडा लांब ठेवला तर हाही प्रश्न सुटतो आणि रिव्हर्स घेणंही सोपं जातं.

कागद

ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे, मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये त्याची व्याख्याच आहे. त्याला नोंदणी लागते. ७५० किलो एकूण वजनापर्यंतचे टी१ वर्गात, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचे टी२ वर्गात. तुमची गाडी एमएच ३१, ४० किंवा ४९ ज्या आरटीओ कार्यालयाची असेल, तिथे जाऊन लोखंड कापण्याआधी विचारा. बांधून झाल्यावर विचारायला गेलेले लोक मला माहीत आहेत, त्यांचे ट्रेलर अंगणात तुळशीशेजारी उभे आहेत.

पहिली फेरी आणि त्यानंतर

पहिल्या दिवशी शहराबाहेर रिकाम्या रस्त्यावर तीस किलोमीटर चालवा आणि थांबून दोन्ही हबवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे. एक कोमट आणि एक गरम असेल तरी गरम हब उघडा. पन्नास-ऐंशी किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. शंभरनंतर यू बोल्ट. नवा रंग चेपतो आणि बोल्ट ढिले होतात, यात कुणाचा दोष नाही.

नदीतून किंवा ओढ्यातून जायचं असेल तर आधी दहा मिनिटं थांबा. तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढरट झालेलं दिसलं की समजा पाणी गेलंय.

हवेचं मी असं ठेवतो. टायर ७१० किलोचा, त्यावर भार २७० किलोचा. त्यामुळे कमाल दाब भरायची गरज नाही, दगडासारखा टायर ट्रेलरला उडवतो. माझा आकडा २६ पीएसआय, पहाटे थंड असताना मोजलेला. रस्त्यावर ओला खडू आडवा ओढून थोडं चालवलं की खडू कुठे पुसला जातो ते दिसतं. फक्त मधोमध पुसला तर हवा जास्त, कडांना पुसला तर कमी. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हवा वाढलेली दिसेल. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. वीस अंश चढले तर तीन-चार पीएसआय नुसते उन्हाने, वर धावण्याची उष्णता वेगळी. ती वाढ काढून टाकू नका, रात्री टायर बसलेला सापडेल. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, ट्रेलर मागे असताना मी ८० च्या वर जात नाही.

जुळवणीचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. ट्रेलर वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतो, त्याचे टायर झिजत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. आता माझे सातही टायर एकाच मापाचे आहेत. गाडीचे चार, दोन ट्रेलरचे, एक स्टेपनी. दर दिवाळीला फिरवतो, ट्रेलरचे दोन गाडीला येतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक बघायचे, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचं टायर नक्षी कितीही नवी दिसली तरी मी लांबच्या वाटेला नेत नाही.

चैत्र लागला की ट्रेलर कडुनिंबाखाली नेतो, ॲक्सलखाली घोड्या लावून चाकं जमिनीपासून दोन बोटं उचलतो आणि टायरवर ओली नाही, कोरडी गोणपाटं टाकतो. ओल्याने रिम गंजतात, हे शेजारच्या काकूंनी माझ्यावर दया येऊन गोणपाट भिजवून ठेवल्यावर कळलं.